वरच्या फळीवरच्या बाटल्या

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण आठ वर्षांनी पहिलंच पत्र आणि एकदम साष्टांग म्हटलं की तुला वाटायचं, ह्याला काहीतरी हवंय. तसं काही नाही.

एक तांत्रिक शंका आहे. तू हल्ली रंगाच्या कारखान्यात आहेस असं दाजींच्या बहिणीकडून कळलं. रंगातही न पटणाऱ्या वस्तू एका डब्यात नांदवायच्या असतात, म्हणजे धंदा आपलाच, फक्त तुमचा माल कोणी चाटून बघत नाही. म्हणून म्हटलं तुला विचारावं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

आपलं सॅलडवर ओतायचं ड्रेसिंग गेले तीन महिने फाटतंय. बाटलीच्या गळ्याशी बोटभर तेल, तळाला आंबट पाणी, आणि मध्ये काहीतरी पिवळट, ज्याला दोन्हीकडे जायचं नाहीये. मालात बदल नाही. तेल शंभराला पस्तीस, व्हिनेगर, मीठ, साखर, मोहरीची पूड, अंड्याच्या बलकाची पावडर आणि तो चिमूटभर डिंक, ज्याच्यामुळे ड्रेसिंग उभं असताना घट्ट राहतं आणि ओतताना पातळ होतं. 'आपल्या मामासारखं,' असं तू म्हणायचीस. घरात बसला की दगड, बाहेर कोणी जरा झुकवला की धो धो.

निव्वळ कुतूहल म्हणून विचारतोय. घाई नाही. आई बरी आहे. जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

तुझा भाऊ

ता.क. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी तुझी भावजय पत्रं आधी वाचते आणि मग मला त्यांचा सारांश सांगते.


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असतो तर पत्र परत पाठवलं असतं, वर शुद्धलेखनाच्या चुका काढून.

आधीच्या पत्रात दोन गोष्टी जरा गुळगुळीत लिहिल्या होत्या. एक, आई बरी आहे म्हणजे आता बरी आहे. नोव्हेंबरात न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आता चौपायी काठी धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते आणि खिडकीतून सगळ्या गल्लीला सूचना देते. तुला कळवायचं नाही असं तीच म्हणाली. 'ती धावत येईल, आणि तुम्ही दोघं माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून भिंतीशी बोलाल.' मी म्हटलं, बरं. माझ्याही सोयीचं होतं.

दोन, कुतूहल वगैरे काही नाही. आपण एका मोठ्या कॅन्टीनला माल द्यायला लागलो. रोज दोन हजार माणसं जेवतात. बाटल्या नाहीत, काउंटरवर पाच लिटरचे काचेचे बुधले, खाली तोटी, आणि बुधले पक्के बसवलेले. आपल्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी चांगली हलवावी' असं छापलेलं आहे, त्यामुळे इतकी वर्षं गिऱ्हाईक आपलं उरलेलं काम घरी करत होतं. बुधला कोण हलवणार? पहिल्या शंभर माणसांना आंबट पाणी मिळालं, शेवटच्या शंभरांना तेल. कॅन्टीनची मुख्य बाई फोनवर म्हणाली, "साहेब, तुमच्या मालात मधल्या माणसांचीच चैन आहे."

मी तिला म्हटलं, बघतो.

"बघू नका," ती म्हणाली. "आम्ही बघतोयच. तुम्ही दुरुस्त करा. जूनपर्यंत."

तर आता साष्टांग. गुडघे साथ देत नाहीत, तरी मनापासून.

मला माहीत आहे तू का गेलीस. तपासणी वहीचं पान एकशे चौदा. तुझे सलग सहा घाणे फाटले, माझे सहाच्या सहा शाबूत राहिले, आणि मी 'कारण' ह्या रकान्यात लाल शाईने लिहिलं: 'मिश्रण करणाऱ्या व्यक्तीची घाई.' मी तेव्हा पुराव्यावर लिहिलं होतं. पुरावा फळीवर उभा होता. त्याला मी काय करू?

तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. आठ वर्षांनंतर एक ओळ: 'साक्षीदार बाटल्या कुठल्या फळीवर फाटल्या?' ना नमस्कार, ना सही. अक्षर मात्र तेच, पोस्टमनलाही कळावं की ही बाई चिडलेली आहे.

आईबद्दल एक शब्द नाही. पण त्याच दिवशी घरी तिच्या नावाने पार्सल आलं, न घसरणाऱ्या चपला. त्यात चिठ्ठी नव्हती. आईने ती घालून मला अख्खी खोली चालून दाखवली, जणू मीच आणल्यात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ज्या भरल्या होत्या त्या सगळ्या फळ्यांवर. खोली तीच, जिन्याखालची, तीन फळ्यांची. प्रत्येक घाण्याच्या दोन बाटल्या नऊ महिने उभ्या ठेवायच्या, एक तारखेला बघायच्या, लिहायचं, हात लावायचा नाही. तूच लिहिलेला नियम, अजून दारावर आहे, फक्त कोपरा उंदराने खाल्ला. ऑक्टोबरपर्यंत खालच्या दोन्ही फळ्या ठणठणीत होत्या. वरची रिकामीच असते. तू गेल्यापासून तिथवर कोणाचा हात पोचत नाही, आणि जो माल शाबूत आहे त्याच्यासाठी शिडी कोण आणणार? डिसेंबरच्या एक तारखेला बघतो तर खालच्या दोन्ही फळ्यांवर सगळ्यांच्या गळ्याशी तेल. जुने घाणे, नवे घाणे, सगळे एकदम. संपावर गेल्यासारखे.

आणि त्याच महिन्यात कॅन्टीन. मला वाटलं तेल बदललं. तेलवाल्याशी भांडलो. मग वाटलं बलकाची पावडर जुनी. पावडरवाल्याशी भांडलो. आता भांडायला कोणी उरलं नाही म्हणून तुला लिहितोय.

भाऊ


१२ मार्च

ताई,

दुसरं कार्ड मिळालं. 'नोव्हेंबरात त्या खोलीत काय बदललं? माणसं धरून.'

मी प्रामाणिकपणे यादी केली. दिवा बदलला. कुलूप बदललं. उंदीर पकडला. ढवळ्याला विचारलं. आपला ढवळ्या, बावीस वर्षं त्याच टाकीपाशी उभा, अजून 'साहेब' म्हणण्याआधी थोडं थांबतो. तो म्हणाला, "बदललं काय? आईसाहेब यायच्या बंद झाल्या."

"त्या खोलीत आई काय करायची?"

"दुपारी बसायच्या. गार असतं ना."

मी घरी गेलो. आई खिडकीपाशी होती. मी विचारलं, "आई, तू साक्षीदारांच्या खोलीत काय करायचीस?"

"काय करणार? बसायचे. धूळ किती असते तिथे! तुझ्या कारखान्यात अन्न तयार होतं आणि फळ्यांवर बोटाने नाव लिहिता येतं."

"मग?"

"मग पुसायचे."

"फळ्या?"

"फळ्या पुसायला बाटल्या उचलायला नको होय? आणि उचलल्याच तर त्याही पुसायच्या."

मी तिची खोकल्याच्या औषधाची बाटली तिच्या हातात दिली. म्हटलं, दाखव. तिने पदर घेतला. बाटली आडवी केली, पोट पुसलं. उलटी केली, बूड पुसलं, तळाशी बोट फिरवून काही चिकटलंय का बघितलं. पुन्हा सुलटी, मान पुसली. जरा झटकली. ठेवली. औषध आत खालीवर होऊन फेसाळलं होतं.

"रोज?"

"रविवार सोडून."

ताई, नऊ वर्षं. बाबा गेल्यापासून. 'हात लावू नये' हा नियम कामगारांसाठी होता. आई कामगार नव्हती, ती आई होती, तिला कोणी तो वाचूनच दाखवला नाही. वर चढत असलेलं तेल ती रोज दुपारी पुन्हा खाली पाठवायची, आणि मी एक तारखेला जाऊन वहीत लिहायचो: शाबूत. लेबलवर नऊ महिने छापलेत ते त्या जोरावर.

मी विचारलं, "आणि वरची फळी?"

ती म्हणाली, "वरच्या फळीला माझा हात कुठे पुरतो? तुला किती वेळा म्हटलं, एक स्टूल आणून दे. तू म्हणालास, बघतो."

मी खुर्चीवर बसलो. आईला वाटलं मला चक्कर आली. तिने मला तेच खोकल्याचं औषध द्यायचा प्रयत्न केला.

भाऊ


१३ मार्च

ताई,

काल पत्र टाकलं आणि लक्षात आलं की मी खुर्चीवर बसल्याचं लिहिलं, का बसलो ते नाही लिहिलं. तू ओळखलं असशीलच. कदाचित पहिल्या कार्डाच्या आधीच. तरी लिहितो, कारण मी लिहिल्याशिवाय ते झालंय असं होत नाही.

तू बाबांवर गेलीस, उंच. मी आईवर. तू तुझ्या बाटल्या तुझ्या हाताला सोयीच्या फळीवर ठेवायचीस, मी माझ्या. बारा घाणे, माल एकच, टाकी एकच, ढवळ्या एकच. तुझ्या बाटल्यांना कोणी हात लावला नाही म्हणून त्या फाटल्या. माझ्या राहिल्या, कारण त्या आई रोज हलवत होती.

तू घाई केली नव्हतीस.

एवढंच.


२ एप्रिल

ताई,

तिसरं कार्ड. मला वाटलं ह्या वेळी निदान 'हं' तरी लिहिशील. तू लिहिलंस: 'डिंक कधी घालता?'

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर पहिल्या पत्रात 'मालात बदल नाही' असं लिहिताना मी पेन दोनदा उचललं होतं. मालात बदल नव्हताच. क्रमात होता.

तुझा क्रम: आधी साध्या पाण्यात डिंक, तोही थोड्या तेलात कालवून, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग चाळीस मिनिटं त्याला एकटं सोडायचं, फुगू द्यायचं. मग मीठ, व्हिनेगर. मग तेल, बारीक धारेनं. माझा क्रम, मी टाकीवर चिकटवलेल्या कार्डाप्रमाणे: पाणी, मीठ, व्हिनेगर, डिंक, लगेच तेल. चाळीस मिनिटं वाचली. दिवसाला एक घाणा जास्त निघायला लागला, आणि मी सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा हसत हिंडत होतो. खारट-आंबट पाण्यात तो डिंक नीट फुगत नाही, हे तू मला टाकीपाशी उभं राहून सांगितलं होतंस. मी म्हटलं होतं, 'ताई, हे स्वयंपाकघर नाही.'

ते कार्ड मी पान एकशे चौदाच्या दोन महिने आधी लावलं. तुझे सहाही घाणे माझ्या क्रमाने झाले. तुला तसंच करायला मी भाग पाडलं. म्हणजे घाई होतीच, वहीत लिहिलंय ते खरं आहे. फक्त व्यक्ती चुकली.

काल ढवळ्याला म्हटलं, आता ताईंच्या पद्धतीने करू. तो म्हणाला, "म्हणजे चाळीस मिनिटं थांबायचं?"

"हो."

"साहेब, मी आठ वर्षं थांबलोय. चाळीस मिनिटांचं काय घेऊन बसलात?"

मग त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तुझ्या अक्षरातला क्रम, घड्यांवर विरलेला. मी विचारलं, हा तुझ्याकडे कसा? म्हणाला, "तुम्ही कचऱ्यात टाकला होता. मी डबा रिकामा करायला नेला होता." त्याने तो मला दिला नाही. दाखवला आणि परत खिशात ठेवला.

आम्ही दोन घाणे केले. एक माझ्या क्रमाने, एक तुझ्या. दोन्ही दाबाच्या यंत्रातून दोनदा काढले, म्हणजे तेलाचे थेंब आणखी बारीक झाले. दोन्हींच्या बाटल्या वरच्या फळीवर ठेवल्या. शिडी आणली. मी चढलो, ढवळ्याने शिडी धरली, आणि हात लावू नये म्हणून दाराला मी स्वतः कुलूप लावलं. किल्ली आईकडे दिली. ती म्हणाली, "मला कशाला?" म्हटलं, तुझ्यापासूनच जपायचंय, तेव्हा तुझ्यावर सोपवतो. तिला ते पटलं.

भाऊ


१८ मे

ताई,

साडेसहा आठवडे. माझ्या क्रमाच्या बाटल्यांत नवव्या दिवशी गळ्याशी तेलाची रेघ आली, आता अंगठाभर आहे. तुझ्या बाटल्या जशा ठेवल्या तशा आहेत. मी शिडीवर चढून बॅटरी मारून बघितलं, चष्मा घालून आणि काढून. कागदाच्या कडेइतकंही तेल नाही. आणि तिरकी केली की अजून सरळ धार येते. (एक उतरवून बघितली. ती बाद धरली, वहीत लिहिलं, ओरडू नकोस.)

कॅन्टीनच्या बाईकडे गेलो. सगळं सांगितलं, आईच्या पदरासकट. ती इतकी हसली की आतून दोन स्वयंपाकी बघायला आले. म्हणाली, "नवा माल आणा, बुधल्यात ठेवा, मी स्वतः बघते. आणि तुमच्या आईंना इथे पाठवू नका." लेबलवरचे नऊ महिने काढले, तूर्त दीड महिना छापला. फळी जेवढं सांगेल तेवढंच वाढवीन. बाजारातल्या दुकानदारांनाही लिहून कळवलं. दोघांनी माल परत पाठवला. पाठवू देत.

आणि काल तुझं चौथं कार्ड. मधल्या एका चिठ्ठीत मी विचारलं होतं, की तू येशील का, निदान आईला बघायला, निदान टाकीवर एकदा नजर टाकायला. तुझं उत्तर: 'पान ११४.'

वही काढली. आठ वर्षांत ते पान मी उघडलं नव्हतं. लाल शाई तशीच आहे, त्या शाईची प्रत आपल्या लेबलांपेक्षा बरी. 'मिश्रण करणाऱ्या व्यक्तीची घाई.' खाली माझी सही, शेपूट वळवलेली, जणू मोठं काम केलंय.

खरं सांगू? पहिल्यांदा मनात आलं, पान काढून टाकावं. लहानपणी मी वहीत चुकलो की कागद फाटेपर्यंत खोडायचो आणि तू मला सगळ्यांसमोर 'खोडरबर' म्हणायचीस. तुझी भावजय म्हणाली, "पांढरी शाई लाव, वरून चांगलं काहीतरी लिही, त्यांना फोटो पाठव. विषय संपव." कारखान्यात आलेली कार्डंही ती वाचते हे तुला आता कळलंच.

पण वहीच्या पहिल्या पानावर तुझा नियम आहे. चुकीची नोंद खोडायची नाही, झाकायची नाही, पान काढायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरं काय ते लिहायचं, तारीख घालायची, कारण लिहायचं, सही करायची. तेव्हा मला तो नियम फार कटकटीचा वाटायचा. म्हणायचो, चूक दिसतच राहणार असेल तर दुरुस्ती कसली?

आज दिवसभर वही टेबलावर उघडी होती. ढवळ्या दोनदा आत डोकावून गेला. दुसऱ्यांदा पेन ठेवून गेला.


२० मे

ताई,

पान एकशे चौदावरची नोंद जशीच्या तशी उतरवून पाठवतोय.

'कारण:' ह्या रकान्यातल्या शब्दांवर एक आडवी रेघ. खालचं वाचता येतं. शेजारी, निळ्या शाईने:

'सहाही घाणे व्यवस्थापकाने ठरवलेल्या चुकीच्या क्रमाने झाले. डिंक फुगायला चाळीस मिनिटं दिली नाहीत. ती वेळ मागणाऱ्या व्यक्तीचं ऐकलं नाही. खालच्या फळ्यांवरच्या बाटल्या रोज हलवल्या जात होत्या, त्यामुळे तुलना बाद. वरच्या फळीवरच्या बाटल्यांनी खरं सांगितलं होतं. मिश्रण करणाऱ्या व्यक्तीची चूक नाही.

दुरुस्ती उशिरा करण्याचं कारण: स्टूल आणलं नाही.'

खाली तारीख आणि माझी सही. शेपूट न वळवता.

आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "स्टूल आणलंस का पण?" आणलं. लाकडी, रुंद पायांचं. फळीखाली ठेवलंय. तिला चढायला मनाई आहे, आता दुपारी पुन्हा येते तेव्हा ती तुझ्या चपला घालून त्याच्यावर नुसती बसते, मांडीवर फडकं, आणि वरच्या बाटल्यांकडे बघत राहते. हात शिवशिवत असणार. पण लावलेला नाही, मी रोज विचारतो.

तुझ्याच नियमाप्रमाणे प्रत्येक दुरुस्तीला दोन सह्या लागतात. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दुसरा चौकोन रिकामा आहे. ढवळ्या करायला तयार होता, मी नको म्हटलं. नियमात असंही आहे की तपासणाऱ्याने बाटली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नये, तेव्हा टपालाने जमणार नाही.

वही जिन्याखालच्या खोलीत, उजवीकडच्या खणात. किल्ली आईकडे. दोन्ही घाणे वर आहेत, तुला शिडी लागणार नाही.

खोडरबर